खोड सांगून

गेल्या साली शाळूची पेरणी उरकून बांधावर बसलो होतो, तवा धाकट्या मालकांचा फोन आला.

“तात्या, गाडी विकायला काढलीय. रविवारी पुण्याहून एक जण बघायला येतोय. तुम्ही नुसते हजर राहा. त्या गाडीची माहिती तुमच्याएवढी कुणाला आहे?”

‘गाडी’ म्हटलं की आमच्या गावात अजून एकच गाडी. बाकीच्या नुसत्या बोलेरो, स्कॉर्पिओ. ही वाड्याच्या मागं, पत्र्याच्या छपराखाली, ताडपत्री पांघरून किती वर्षं उभी होती. गावानं तिला मर्सिडीज कधी म्हटलं नाही. जाणती माणसं ‘बेंझ’ म्हणायची आणि म्हातारी ‘बेंच’. ती मी बारा वर्षं चालवली.

नव्या दहावीच्या सुरुवातीच्या तुकड्यांतला मी. दहावी झालो आणि शिक्षण तिथंच थांबलं, कारण घरात बैल एक राहिला होता आणि दुसऱ्या बैलाची जागा मला घ्यायची होती. पुढं वाड्यावरचा ट्रॅक्टर चालवायला शिकलो. १९८४ साली थोरल्या मालकांनी मुंबईहून ही गाडी आणली, एका वकिलातीतून सुटलेली. मला बोलावून म्हणाले, “ट्रॅक्टरवर जसा बसतोस तसा हिच्यावर बसू नको.” एवढंच माझं शिक्षण.

गाडी १९८० सालची, २४० डी. जाणकार लोक ह्या घराण्याला डब्ल्यू १२३ म्हणतात. १९७६ ते १९८५ ह्या काळात कंपनीनं जवळजवळ सत्तावीस लाख गाड्या ह्या घराण्यातल्या काढल्या. आमच्या गाडीचा रंग सायीसारखा, किंचित पिवळट पांढरा. थोरले मालक त्याला राजेशाही रंग म्हणायचे. खूप वर्षांनी मला कळलं की जर्मनीत टॅक्सीला हाच रंग ठरलेला होता आणि तिकडं ह्याच गाड्या टॅक्सी म्हणून लाखा लाखानं पळायच्या. थोरले मालक तवा हयात नव्हते ते बरं झालं.

डिझेल गाडी. चावी अर्धी फिरवायची, समोर तारेच्या वेटोळ्याचा दिवा लागायचा, तो विझेपर्यंत गप बसायचं, मगच स्टार्टर मारायचा. घाई केली की थंडीत ती सुरू व्हायची नाही. बंद करायला चावी मागं फिरवली की बास. आत हवेच्या ओढीवर चालणारी एक नळी होती, ती इंजिनाचं डिझेल तोडायची. ह्या नळीची गोष्ट पुढं येणार आहे, म्हणून सांगून ठेवतो.

रविवारी सकाळी वाड्यावर गेलो. धाकटे मालक पुण्याला नोकरी करतात. माणूस वाईट नाही. कर्ज आहे, मुलीचं शिक्षण आहे, वाड्याची पश्चिमेची भिंत पावसाळ्यात बसलीय. चहा घेता घेता म्हणाले, “तात्या, चौदा लाख म्हणतोय मी. ओरिजिनल असेल तर देतो म्हणालाय. तुम्ही गाडीचं सगळं सांगा. इंजिनाचं मात्र काढू नका.”

मी कप खाली ठेवला.

“म्हणजे खोटं बोला असं मी म्हणत नाही,” ते म्हणाले. “विचारलंच तर सांगायचं, बेंझचंच इंजिन आहे. ते खोटं आहे का? डिझाईन त्यांचंच ना?”

हे खोटं नव्हतं. आणि खरंही नव्हतं. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणतात ते हेच. धर्मराजाचा रथ जमिनीच्या चार बोटं वर चालायचा, एवढं अर्धं वाक्य बोलला आणि चाकं धुळीला टेकली, असं आमच्या गावात पोथी सांगणारे बुवा सांगायचे. लहानपणी मला वाटायचं, एवढ्याशा बोलण्याला एवढी शिक्षा कशाला? त्या दिवशी चहा घेताना थोडं थोडं कळायला लागलं.

इंजिनाचं काय झालं होतं ते आता सांगायला पाहिजे.

१९९३चा उन्हाळा. रात्री साडेदहाला वाड्यावरून हाक आली. आईसाहेबांच्या, म्हणजे थोरल्या मालकांच्या आईच्या, छातीत कळ आलेली. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पुण्याला न्या, थांबू नका. मागच्या सीटवर आईसाहेब, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मालकीणबाई, पुढं मालक आणि मी. खंबाटकीला तेव्हा बोगदा नव्हता, सगळी वाहतूक जुन्या घाटानं. अर्धा घाट चढलो आणि बॉनेटमधून वाफ आली. पाण्याचा रबरी पाईप फुटला होता.

इथं माझी चूक लिहायला पाहिजे. तो पाईप एका जागी फुगलाय हे मी आठ दिवस आधी बघितलं होतं. बेंद्राच्या आधी बदलू म्हणून सोडून दिलं होतं.

सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधली, डिकीतल्या कॅनमधलं पाणी ओतलं आणि निघालो. शिरवळला परत पाणी भरलं. पट्टी धरत नव्हती. पुढं काटा तांबड्यात गेला तो खाली यायचं नाव घेईना. मी म्हणालो, “मालक, थांबावं लागंल. न्हाईतर इंजिन जाईल.” मालकांनी मागं वळून आईसाहेबांकडं बघितलं आणि म्हणाले, “जाऊ दे. तू थांबू नको.”

कात्रज उतरताना इंजिनातनं असा आवाज येत होता की कुणी आत घण मारतंय. दवाखान्याच्या दारात गाडी लावली, चावी फिरवली. ते इंजिन परत सुरू झालं नाही. आईसाहेब मात्र वाचल्या. त्यानंतर नऊ वर्षं जगल्या. थोरल्या मालकांनी मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. तेच जास्त लागायचं.

मिस्त्रीनं इंजिन उघडलं. हेडला चीर, पिस्टन धरलेलं, ब्लॉक कामातून गेलेला. जर्मनीहून माल मागवायचा तर खर्च ऐकूनच मालक गप झाले. मग मिस्त्रीनंच तोड काढली. म्हणाला, “मालक, ट्रॅक्सचं इंजिन टाकू. सख्खा भाऊ हाय ह्याचा.”

हे मिस्त्रीचं बोलणं थापेबाजी नव्हती. आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीनं, जिला आता फोर्स मोटर्स म्हणतात, १९८०च्या दशकात जर्मनीच्या डाइमलर-बेंझकडून परवाना घेऊन हेच इंजिन इथं करायला घेतलं होतं. ओएम ६१६ असं त्याचं नाव, चार सिलिंडर, २,४०० सीसीच्या आसपास. टेम्पो ट्रॅव्हलर आणि ट्रॅक्स ह्या गाड्यांत ते बसायचं. आमच्या सातारा-सांगलीकडं ज्या ट्रॅक्स वडापला चालायच्या, आत पंधरा आणि टपावर पाच माणसं घेऊन, त्यांच्या पोटात मर्सिडीजचं घराणं होतं. कोंबड्या, दुधाच्या किटल्या आणि बाजारची बोचकी घेऊन फिरणाऱ्या त्या गाडीला कुणी मर्सिडीज म्हटलं नाही, पण बाजारकरी माणसं खरी तिनंच वाहिली.

तर थोडी कापकूप करून, पाय जुळवून, ट्रॅक्सचं इंजिन बेंझमध्ये बसलं. झकास बसलं. मी पुढं तीन वर्षं त्यावरच गाडी चालवली. जुना ब्लॉक भंगारात किलोवर गेला. हवेच्या ओढीची नळी मिस्त्रीला जुळवता आली नाही म्हणून इंजिन बंद करायला त्यानं स्टेअरिंगखाली एक वायर ओढून दिली, टोकाला आकडा. आणि आरसी बुकात इंजिनाचा नंबर बदलून घ्यायचा राहिला. राहिला म्हणजे कुणी नेलंच नाही पुस्तक आरटीओत. ‘पुढच्या महिन्यात बघू’ ह्यात वाड्याचा आणि माझा स्वभाव सारखाच.

आता परत रविवारी येतो.

पुण्याचे गृहस्थ आले. चाळिशीचे, इंजिनिअर. बरोबर बॅटरी, छोटा आरसा, लोहचुंबक आणि फडकं. बूट काढून ठेवले आणि सरळ जमिनीवर उताणे झाले. मला माणूस तिथंच आवडला. जनावर घ्यायला आलेला माणूस आधी पोटाखाली बघतो.

ते गाडी बघत होते आणि मी त्यांना बघत होतो. आधी पुढचे दिवे. म्हणाले, गोल आहेत, बरोबर. १९८२च्या आधी ह्या साध्या मॉडेलला गोलच दिवे यायचे, चौकोनी नंतर आले. ऐंशी सालच्या गाडीला चौकोनी दिसले की समजायचं, कुणीतरी हात घातलाय. मग सगळ्या काचांचे कोपरे बघितले, प्रत्येक काचेवर चांदणी आणि बनवणाऱ्याची खूण आहे का, एखादी उपरी तर नाही. बॉनेट उघडून इंजिनामागच्या पत्र्यावर ठोकलेला चासी नंबर बघितला, तो १२३.१२३ असा सुरू होतो. पुढच्या पट्टीवरची पत्र्याची पाटी बघितली, तिच्यावर रंगाचा आकडा असतो, ६२३. मडगार्डच्या बोल्टांच्या डोक्यावरचा रंग उडालाय का ते बघितलं. उडाला असेल तर मडगार्ड कधीतरी उतरवलेलं असतं. दारांची रबरं उलटून बघितली, त्यांच्यावर रंगाचा फवारा बसलाय का. सीटच्या खालून हात घालून आतली काथ्यासारखी केसाळ गादी चाचपली. जॅक लावायची भोकं, स्टेपनीची खोबण, जिथं जिथं पाणी साठतं ती जागा बोटानं दाबून बघितली.

मग लोहचुंबक. तो पत्र्यावरून फिरवला की जिथं पुटी भरलेली असते तिथं धरत नाही. उजव्या मागच्या दारावर सटकला. त्यांनी बोटानं टिकटिक वाजवलं, बाई बाजारात मडकं वाजवून घेते तसं.

“इथं लागलंय, काका?”

“व्हय. बैलगाडीची धुरी लागली हुती. सत्याऐंशी साली, कारखान्याच्या रस्त्याला.”

ते हसले. “चालतंय. हे लपवलं नाही तुम्ही.”

ते सहज बोलून गेले. माझ्या पोटात मात्र कालवाकालव झाली.

मला आज्जा आठवला. खरसुंडीच्या जत्रेत खिल्लार जनावरांचा मोठा बाजार भरतो. मी दहा-अकरा वर्षांचा असताना आज्जा एक बैल विकायला घेऊन गेला होता. देखणा बैल. पण औताला धरला की दुपारनंतर मटकन खाली बसायचा. बाजारात लोक काय काय करतात ते मी तिथं बघितलं. शिंगं साळून तेल लावून तुकतुकीत करायची, म्हणजे वय झाकतं. पण घेणारा जबडा उघडून दात बघतो, दोनदाती, चारदाती का जुळलेला, आणि मग दातापुढं शिंगाचं काही चालत नाही. बसायची खोड मात्र दातात दिसत नाही. ती फक्त मालकाला ठाऊक.

व्यापाऱ्यानं रुमालाखाली आज्जाचा हात धरला, बोटं दाबली, भाव ठरला. हात सोडायच्या आधी आज्जा म्हणाला, “दुपारनंतर बसतो बरं का.” व्यापाऱ्यानं परत रुमाल टाकला आणि भाव खाली आला. परत येताना माझा बाप आज्जाशी भांडत होता. “कुणी इच्यारलं हुतं तुमाला?” आज्जा म्हणाला, “त्यो रुमाल लोकांनी भाव बघू नये म्हणून हाय. खोड झाकायला न्हाई.”

घरी त्या वर्षी मिरगाला बियाणं उसनं आणावं लागलं, हेही खरं आहे. खरं बोलल्याचं फळ लगेच मिळतं असं ज्याला सांगायचंय त्यानं सांगावं. आमच्या घरात तरी मिळालं नाही.

तर गाडी सुरू केली. दिवा विझायची वाट बघितली, स्टार्टर मारला, एका झटक्यात लागली. गृहस्थ आत बसले, डोळे मिटून आवाज ऐकला. इंजिनाचा नंबर बघायचा त्यांनी मघाशी प्रयत्न केला होता, पण ब्लॉकवर तेलाचा आणि मातीचा इंचभर थर. “धुतल्यावर बघू,” म्हणाले होते. आता त्यांनी चावी मागं फिरवली.

गाडी बंद झाली नाही.

चावी हातात आणि इंजिन आपलं चालूच. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मी दारातनं वाकलो, स्टेअरिंगखालची वायर ओढली. इंजिन गप झालं.

“हे असं का?” त्यांनी विचारलं.

धाकटे मालक पटकन म्हणाले, “व्हॅक्यूमची नळी गळते ना जुन्या गाड्यांत. म्हणून वायर करून घेतलीय.”

उत्तर चोख होतं. ह्या गाड्यांत ती नळी गळते आणि मग इंजिन चावीनं बंद होत नाही, हे त्या गृहस्थांनाही ठाऊक असणार. त्यांनी मान हलवली. प्रकरण तिथं मिटलं होतं. मी काही बोललो नसतो तरी मी खोटं बोललो असं कुणी म्हटलं नसतं. मी नुसता उभा होतो, ‘हजर’.

पण गृहस्थांनी माझ्याकडं बघितलं. संशयानं नाही. ड्रायव्हरला गाडीची माहिती असते म्हणून नुसतं बघितलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “नळीचं न्हाई सायेब. इंजिन ह्या गाडीचं न्हाई. ट्रॅक्सचं हाय. मूळचं माझ्या हातनं गेलं, घाटात पाणी संपलं म्हणून.”

धाकटे मालक वाड्यात निघून गेले.

गृहस्थ पायरीवर बसले. चिडले नाहीत. म्हणाले, “डिझाईन तेच आहे हे खरंय, काका. पण तेच इंजिन नाही.” मग त्यांनी मला समजावून सांगितलं. केंद्र सरकारनं २०२१ साली जुन्या गाड्यांचा नियम केलाय. पन्नास वर्षांच्या वरची गाडी, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी, इंजिन ह्यात मोठा बदल न झालेली असेल तर तिची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंद होते, नंबरात ‘व्हीए’ अशी अक्षरं येतात. ह्या गाडीला २०३० साली पन्नास भरतील. पण त्यांचं म्हणणं नुसत्या नियमाचं नव्हतं. म्हणाले, “चालवायला माझ्याकडे गाडी आहे. ही मला पुरावा म्हणून हवी होती. ऐंशी साली सिंडेलफिंगेनच्या कारखान्यात कामगारांनी काय आणि कसं जोडलं, ते जसंच्या तसं.” आठ लाख देतो म्हणाले. धाकट्या मालकांनी आतूनच नाही म्हणून सांगितलं.

त्या रात्री मला झोप आली नाही. मी स्वतःशीच वाद घालत होतो. म्हटलं, ‘ओरिजिनल’ म्हणजे तरी काय? आमच्या घरात नांगर आहे, पणजोबाचा म्हणतो आम्ही. त्याचा फाळ पाच वेळा बदलला, इसाड दोनदा, रुमणं माझ्या डोळ्यांदेखत नवं केलं. तरी पणजोबाचाच. कोकणातला हापूस घ्या. खाली मुळं रायवळ कोयीची, वर कलम हापूसचं. त्याला कुणी नकली म्हणत नाही. आणि माझ्या लहानपणी रस्त्यानं टाटाचे ट्रक जायचे ते ‘टाटा मर्सिडीज-बेंझ’ होते. १९५४ साली करार झाला, पंधरा वर्षांनी, १९६९ साली संपला. ट्रकच्या नाकावरची चांदणी गेली आणि तिथं टाटांचं ‘टी’ आलं. ट्रक तोच, चेहरा तोच, काल जर्मन होता आज आपला झाला. मग मूळ शोधायचं कुठं? माझ्याच डोळ्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनची भिंग आहे, दाढा कवळीच्या. मी तरी कुठं ओरिजिनल?

हा विचार मला फार आवडला. एवढा आवडला की मला त्याचा संशय आला. कारण हा विचार थेट धाकट्या मालकांच्या वाक्याकडं चालला होता. सगळंच बदलतं, मग इंजिन बदललं हे सांगायचं कशाला? शहाणपण बोलता बोलता माणूस लबाडीच्या दारात कसा उभा राहतो ते मला त्या रात्री दिसलं.

मग मला सातबारा आठवला.

जमीन काय बदलत नाही? आज्ज्याची बापाला, बापाची चार भावांना, एकाची विकून परक्याला. तरी जमिनीचा उतारा खोटा होत नाही, कारण प्रत्येक बदलाचा फेरफार नोंदलेला असतो. कुणाचं नाव कमी झालं, कुणाचं लागलं, कशानं लागलं. उतारा जमीन बदलल्यानं खोटा होत नाही. फेरफार लपवला की होतो.

तसंच हे. पणजोबाचा नांगर आमचा खरा आहे, कारण फाळ बदलला हे आम्ही कुणापासून लपवत नाही, उलट कौतुकानं सांगतो. कलम करणारा माळी कलम म्हणूनच विकतो. टाटांनी चांदणी काढली ती उघड्यावर. आणि इंजिन बदललेली बेंझसुद्धा खरी गाडी आहे, फक्त तिचा फेरफार नोंदवला पाहिजे. आरसी बुकात आणि बोलण्यातही. ‘गाडी खरी आहे का’ आणि ‘बोलणं खरं आहे का’ हे दोन प्रश्न वेगळे. पहिल्याचं उत्तर गिऱ्हाइकानं त्याच्या त्याच्या गरजेप्रमाणं द्यावं. चालवणाऱ्याला आमची गाडी शंभर टक्के खरी, पुरावा जपणाऱ्याला नाही. दोघंही बरोबर. पण दुसऱ्या प्रश्नाला गिऱ्हाईक बदललं म्हणून उत्तर बदलत नाही.

एवढं लिहिलं म्हणजे मी फार सत्यवान ठरतो. तसं नाही. पुढचं ऐका.

धाकटे मालक चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. एकदा पारावर सगळ्यांदेखत म्हणाले, “इंजिन घालवलं यांनीच, आणि भावही यांनीच घालवला.” खरंच होतं ते. मग एक दिवस मळ्यात असताना कळलं, गाडी गेली. एका दलालामार्फत, लांबच्या गावी, नुसते फोटो बघून. ‘फुल ओरिजिनल’ म्हणून. ट्रेलरवर चढवताना पोरांनी मोबाईलवर शूटिंग केलं, ते मला दाखवलं. वाड्यासमोरून ती उलटी चढली, तोंड गावाकडं करून.

तेव्हा मी काय केलं? काहीच नाही. दलालाचा नंबर गावात मिळत होता. मी मागितला नाही. आधीच वैर झालंय, माझा काय संबंध, असं म्हणून पाणी धरायला गेलो. एकदा खरं बोललो ते समोरच्यानं डोळ्यांत बघितलं म्हणून. दुसऱ्या वेळी बघणारं कुणी नव्हतं, तर मी गप बसलो. आज्जाला खरसुंडीत कुणी बघत नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं, तरी तो बोलला. आज्जात आणि माझ्यात एवढा फरक आहे, आणि तो ट्रॅक्सच्या आणि बेंझच्या इंजिनातल्या फरकापेक्षा मोठा आहे.

हा लेख लिहून झाल्यावर छापायला द्यायच्या आधी मी तो धाकट्या मालकांना वाचून दाखवायचं ठरवलं. त्यांच्या घरची गोष्ट, त्यांना न सांगता छापणं म्हणजे परत लपवालपवीच. वाड्याच्या ओसरीवर बसलो. त्यांनी तोंड फिरवून ऐकायला सुरुवात केली. घाटातल्या रात्रीचं वाचायला लागलो तशी मान वळली. “थांबा,” म्हणाले. “आजीला नेताना इंजिन गेलं?”

“व्हय.”

“मला सगळ्यांनी सांगितलं, इंजिन जुनं झालं होतं म्हणून बदललं.”

त्या वेळी ते पाच-सहा वर्षांचे. आई-बाप शेतीच्या आणि कोर्टाच्या मागं, पोराला सांभाळलं आईसाहेबांनी. शाळेत सोडायला त्या, दुखलं-खुपलं बघायला त्या. रविवारी मी ‘घाटात पाणी संपलं’ एवढंच बोललो होतो. कोण गाडीत होतं ते सांगितलं नव्हतं. म्हणजे फेरफार मीही पुरता नोंदवला नव्हता.

ते बराच वेळ बसलेल्या भिंतीकडं बघत राहिले. मग म्हणाले, “छापा. फक्त नावं घालू नका कुणाची.” थोड्या वेळानं परत म्हणाले, “आणि दलालाला मी फोन करतो. घेणाऱ्याला काय सांगायचं ते बघतो.” फोन केला का नाही ते मी विचारलं नाही. मला विचारायचा हक्क राहिला नाही.

ती गाडी आता कुणाकडं आहे मला ठाऊक नाही. पण पुस्तकं कुठंही जातात. ज्यांनी सायीच्या रंगाची, ऐंशी सालची, उजव्या मागच्या दाराला पुटी असलेली २४० डी घेतली असेल, त्यांना एवढंच सांगणं आहे. ब्लॉकवरचा थर चिंधीनं पुसा आणि नंबर आरसी बुकाशी ताडून बघा. जुळणार नाही. त्यात इंजिनाचा दोष नाही, ते पण चांगलं आहे, त्याला वेळेवर ऑइल द्या. आणि पाण्याचा पाईप कुठं फुगलेला दिसला, तर पुढच्या महिन्यावर टाकू नका.